लॉरीनं की घरच्या गाडीनं

आमच्या आबांचा माहितगार माणसावर फार विश्वास. विहीर खणायची तर पाणाड्या, बैल घ्यायचा तर दलाल, लग्न जमवायचं तर मध्यस्थ. स्वतःच्या डोळ्यांना लख्ख दिसत असलं, तरी कुणी जाणत्यानं ‘हो’ म्हटल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. माझं नेमकं उलटं. कुणी ‘चल, मी दाखवतो’ म्हटलं की माझे पाय तिथेच रुततात. याच एका गोष्टीवरून आम्हा बापलेकीचं जन्मभर वाजलं, आणि त्यातलं सगळ्यांत मोठं भांडण उनपदेवाला कसं जायचं यावरून झालं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीचा तो उन्हाळा. लग्न होऊन मी भुसावळला रेल्वेच्या चाळीत राहायला गेले होते आणि आखाजीसाठी माहेरी आले होते. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि सासरी गेलेल्या लेकीला दिवाळीपेक्षा तिची ओढ जास्त. झाडांना झोके बांधायचे, गाणी म्हणायची, सांजोऱ्या खायच्या, आणि चार दिवस कुणाच्या हाकेला ओ द्यायची नाही. माझी थोरली बहीण, अक्का, मात्र आखाजीला म्हणून आलेली नव्हती. ती मागच्या दिवाळीपासूनच घरी होती.

तिच्या डाव्या हातावर कोड उठलं होतं. आधी मनगटापाशी बोराएवढा पांढरा डाग, मग बोटांच्या पेरांवर, मग पंज्याच्या पाठीवर. सासरच्यांनी तिला दिवाळीला आणून सोडलं आणि सांगितलं, हात बरा झाला की पाठवा. बरा नाही झाला तर काय, ते कुणी बोललं नाही. पण जावईबापूंसाठी दुसरी मुलगी बघणं चालू आहे, असं तापीपलीकडच्या तिच्या सासरगावाहून येणारे-जाणारे सांगत. आखाजी झाली की पंधरा दिवसांत आमचा माणूस विचारायला येईल, असा त्यांचा निरोपही आला होता. आईनं बावची उगाळून लावली, आबांनी गावोगावचे वैद्य पालथे घातले. अक्का स्वतः काहीच बोलत नसे. हात पदराखाली ठेवून काम करायची आणि कुणी पाहुणा आला की आतल्या खोलीत जायची. मला वाटायचं, ही झुरते आहे. सगळ्यांनाच तसं वाटायचं.

सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत खडकातून ऊन पाणी निघून दगडी गायमुखातून कुंडात पडतं. वैशाखात सगळे ओढे कोरडे पडतात, पण ते पाणी काही आटत नाही. त्यात पाच बुड्या मारल्या की कातडीचे रोग जातात, अशी आमच्याकडे समजूत. आईनं मनाशी पक्कं केलं होतं, की निरोप्या येण्याआधी अक्काला तिथे न्यायचं. जाऊन संध्याकाळी परत यायचं, एका दिवसाचं काम. फक्त कसं जायचं ते ठरायचं होतं.

त्याच वर्षी तालुक्याच्या एका माणसानं लॉरीतून सहली काढायला सुरुवात केली होती. उनपदेव हे त्याचं मुख्य ठिकाण. गळ्यात शिट्टी, हातात वेताची छडी, आणि बोलणं साखरेत घोळलेलं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लॉरी आमच्या गावच्या पारावरून निघणार, साडेआठला पायथ्याशी पोचणार, तिथून तो स्वतः सगळ्यांना वाट दाखवत नेणार, देवाची कथा सांगणार, बुड्या मोजून देणार आणि जेवायच्या वेळेला एक वाजता घरी आणून सोडणार. आबांना असा माणूस म्हणजे देवच भेटल्यासारखा. त्यांनी स्वतःसकट चार जागा सांगूनही टाकल्या.

आणि खरं सांगते, आधी मलाही लॉरीच हवी होती. मी रेल्वेवाल्याची बायको. वेळेवर सुटणारी आणि वेळेवर पोचणारी गोष्ट मला आवडते. वैशाखातल्या उन्हात पाच कोस बैलगाडीतून हाडं खिळखिळी करत जायची हौस कुणाला असेल? लॉरीवर ताडपत्री होती, रस्ता त्याचा पायाखालचा होता, आणि रानात वाट चुकली तर काय, हा प्रश्नच नव्हता. मी आईला म्हटलं, आबांनी पहिल्यांदाच माझ्या मनासारखं केलं.

आखाजीच्या पाच-सहा दिवस आधी तो लॉरीवाला आमच्या ओसरीवर आला. आबांनी पाणी मागितलं. मी अंगणात झोक्याची दोरी पक्की करत होते, म्हणून तांब्या घेऊन अक्काच आली. तांब्या पुढे करताना पदर सरकला आणि त्याला हात दिसला. तो वाईट माणूस नव्हता, हे मला सांगायला हवं. त्यानं पाणी घेतलं, प्यालाही. मग आबांकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाला, “बाईंना नेऊ, नाही म्हणत नाही. पण त्या मागे फळीपाशी बसतील, आणि कुंडात सगळ्यांचं झाल्यावर उतरतील. पाच बुड्या मी स्वतः मोजून घेईन. माझी एवढी माणसं, मला सगळ्यांचं बघावं लागतं.”

आबांनी मान डोलावली. अक्का तांब्या घेऊन आत गेली. तिचा चेहरा होता तसाच होता, आणि त्याचाच मला संताप आला. हातातली दोरी टाकून मी ओसरीवर गेले आणि त्या माणसाच्या देखतच सांगितलं, की आमच्या चारी जागा रद्द, आम्ही आमच्या गाडीनं जाऊ.

तो गेल्यावर आबांनी मला फैलावर घेतलं. पाहुण्यासमोर बोलायची ही कुठली रीत, भुसावळचं पाणी चढलं का, रानात वाट चुकलीस तर, बैल बसला तर, उन्हानं कुणी पडलं तर. मीही गप्प बसले नाही. शेवटी ते म्हणाले, “तो माहितगार मानूस शे. तुले काय ठाऊक शे?”

“माले इचारता येस,” मी म्हटलं.

विचारता येतं, एवढंच माझं भांडवल होतं. आबांच्या बोलण्यातलं निम्मं खरं आहे, हे मला त्या क्षणीही कळत होतं. पण सगळ्यांचं आटोपल्यावर उरलेल्या पाण्यात, शिट्टीच्या तालावर माझ्या बहिणीनं बुड्या मारायच्या, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी दोन दिवस अडून बसले. अक्काला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. तिच्यासाठी भांडायच्या नादात ते माझ्या लक्षातच आलं नाही. अखेर आबांनी हात टेकले. जा, पण दिवेलागणीच्या आत घरात, आणि काही झालं तर माझ्याकडे रडत यायचं नाही, एवढीच अट घातली.

मग मी तयारीला लागले. दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वेळापत्रकच मांडलं. चारला गाडी जुंपणे, सहाला पहिला थांबा आणि बैलांना पाणी, आठला पोचणे, दुपारी झाडाखाली, साडेतीनला परत निघणे. कडब्याच्या पेंढ्या किती, पाण्याचे डेरे किती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, तिळाची चटणी, कांदे, कैऱ्या, सगळं लिहून काढलं. आबांची विधवा बहीण, आमची आत्या, आमच्याबरोबर येणार होती. ती तो कागद उलटा धरून बघायची आणि गावभर सांगायची, की आमच्याकडे स्टेशनमास्तरीण आली आहे, बैलसुद्धा आता शिट्टी झाल्याशिवाय हलणार नाहीत.

आखाजी झाली. पितरांची घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, पुरणाचं जेवण झालं, संध्याकाळी झोक्यावर आवाज बसेपर्यंत गाणी म्हटली. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मी कंदील घेऊन गोठ्यात गेले. बैल होते. दमणी, म्हणजे आमची माणसं न्यायची हलकी गाडी, तीही होती. आमचा सालदार नव्हता.

खानदेशातलं शेंबडं पोरही जे जाणतं ते मी विसरले होते. शेतावर वर्षाच्या बोलीनं राहणाऱ्या सालदाराचं साल आखाजीला संपतं. त्या दिवशी तो आपलं धान्य, धोतरजोडी घेऊन घरी जातो. चार-सहा दिवस कुणाचाच सालदार कुणाकडे नसतो. मग बोलणी होतात आणि नवं साल लागतं. आमचाही आदल्या संध्याकाळी आबांच्या पाया पडून आपल्या गावी गेला होता. मी त्याला सांजोऱ्या बांधून दिल्या होत्या, स्वतःच्या हातानं! दोन वर्षं गाड्यांच्या वेळा पाठ करण्यात गेली आणि गावचा एवढा मोठा दिवस माझ्या कागदावर आलाच नाही.

आबांना सोडलं तर घरचा पुरुष म्हणजे माझा भाऊ, दादा. तो आखाजीच्या पत्त्यांत बसला होता. आमच्याकडे आखाजीला जुगार पाप नाही, आणि त्या तीन दिवसांत पुरुषमाणसाला डावावरून उठवणं हे यमालाही जमायचं नाही. मी देवळामागे शेजारचं पोर पाठवून बोलावणं धाडलं. डाव टाकून येता येत नाही, असं उत्तर आलं. शेजारच्या दोन घरी विचारलं, तिथेही तेच. इकडे उजाडायला लागलं. दीड-दोन तासांनी पारावर लॉरी लागणार होती. आबा अंगणात दात घासत उभे होते. त्यांनी फक्त पाराच्या दिशेनं एकदा बघितलं. त्या बघण्यानं माझ्या अंगाची लाही झाली, आणि त्याहून वाईट म्हणजे मला रडू येत होतं. अजून वेळ होता. आबांनी शब्द टाकला असता तर मागच्या फळीपाशी जागा मिळालीही असती.

मी बैल सोडवून आणले आणि जू उचलायला गेले. मला ते धड पेलेना. बायकांनी जुवाला हात लावायची आमच्याकडे पद्धत नाही. आत्या दारातून ‘अगं, अगं’ करत होती. तेवढ्यात अक्का आली. तिनं पदर कमरेला खोचला होता आणि दोन्ही हात उघडे होते.

“सरक,” ती म्हणाली. “मी हाकस.”

दादा मोठा व्हायच्या आधी आबांच्या हाताशी मुलगा नव्हता. तेव्हा आठ-दहा वर्षांची अक्का त्यांच्याबरोबर मळ्यात जायची, आणि आबा तिच्या हातात कासरा देऊन खुशाल मागे पेंगायचे. ही गोष्ट मी ऐकली होती, पण पाहिली नव्हती. तिनं बैलांच्या मानेवर जू चढवलं, खुंट्या बसवल्या, चाकाचा कणा हलवून पाहिला, वंगण मागून घातलं. आबा राखुंडी तोंडात तशीच धरून बघत राहिले. आम्ही साडेपाचला निघालो, म्हणजे माझ्या कागदाप्रमाणे दीड तास उशिरा. आबांनी अडवलं नाही, एवढं मी त्यांच्या पदरात घालते.

मळे संपले आणि रस्ता उघडा पडला तशी लॉरी मागून आली. भोंगा वाजवून तिनं आम्हाला कडेला व्हायला लावलं आणि आमच्यावर पोतंभर धूळ टाकून पुढे निघून गेली. आत बसलेल्या बायकांनी वळून पाहिलं. एक बाई गाडी हाकते आहे, हे त्यांना चाकाच्या धुळीतूनही दिसलं असावं, कारण कुणीतरी हसलं. आत्यानं डोक्यावरून पदर ओढून घेतला. अक्कानं बैलांना दोन शब्द बोलून पुन्हा रस्त्यावर आणलं.

पायथ्याच्या शेवटच्या गावानंतर दोन वाटा फुटल्या. मी मोठ्या ऐटीत उजवी सांगितली, कारण तिच्यावर चाकोऱ्या जास्त होत्या. कोसभर गेल्यावर कळलं, की त्या लाकूड वाहणाऱ्या गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत आणि वाट एका तोडलेल्या रानात जाऊन संपते. ऊन चढलेलं, एक डेरा निम्मा झालेला. आत्या म्हणाली, स्टेशन चुकलं वाटतं. मला हसू आलं नाही. तिथे डोक्यावर टेंभुर्णीच्या पानांचा भारा घेतलेली एक पावरा आदिवासी बाई भेटली. तिची बोली आम्हाला येईना, आमची तिला. मी हातानं वाफा आणि पाणी करून दाखवलं, तशी ती मनसोक्त हसली आणि भारा तसाच ठेवून आमच्यापुढे चालू लागली. गाडीत बस म्हटलं तर बसली नाही. एका सुक्या ओढ्यातून तिनं आम्हाला आडवं नेलं आणि खालच्या वाटेला लावून दिलं. अक्कानं तिला सांजोऱ्या दिल्या, डाव्याच हातानं. बाईनं त्या घेतल्या, हुंगल्या आणि ओच्यात टाकल्या. तिनं हाताकडे बघितलंसुद्धा नाही.

आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले असतील. लॉरीची माणसं कुंडापाशी होती. त्यांचा माहितगार काठावर उभा राहून बुड्या मोजत होता. एक, दोन, तीन, आणि पाच झाल्या की शिट्टी. पुरुष आटोपल्यावर बायकांची तुकडी उतरली. ओली लुगडी आवरेपर्यंत पुन्हा शिट्टी झाली आणि सगळे देवापुढे कथा ऐकायला गोळा झाले. आम्ही लांब चिंचेखाली बैल सोडून बसलो. अकरानंतर सगळे गेले. जाताना त्या माणसानं आम्हाला नमस्कार केला. ते लोक एक वाजता घरी पंख्यानं वारा घेत जेवले असतील. आम्ही तेव्हा तव्यावर बसल्यासारख्या भाजत होतो. कुणाची सहल सुखाची, असं विचारलं तर लॉरीचीच.

पण त्यानंतर ती सगळी जागा आमची झाली. दोन्ही डोंगर इतके जवळ, की त्यांच्यामध्ये आभाळाची नुसती एक पट्टी दिसावी. गायमुखातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज, आणि माकडं. आत्या चटणी-भाकरी खाऊन चिंचेखाली आडवी झाली आणि घोरायला लागली. अक्का लुगड्यासकट कुंडात उतरली. पाणी ऊन होतं, पण सोसेल इतकंच. ती गळ्यापर्यंत बसली आणि तिनं डोळे मिटले. मी पायरीवर बसून तिच्याकडे बघत होते. देवाला एवढंच मागत होते, की हिला बरं कर आणि हिच्या घरी जाऊ दे.

बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, की तिचा डावा हात पाण्याबाहेर आहे. काठाच्या दगडावर कोपर टेकून तिनं तो वर धरला होता, अगदी कोरडा. मला वाटलं, तिला भोवळ येते आहे किंवा पाणी झोंबतं आहे. मी म्हटलं, अगं हात, हात बुडव ना, त्याच्यासाठी तर आलो.

तिनं डोळे उघडले. “हाऊ हात बरा व्हयना,” ती म्हणाली, “ते माले तठे परत जानं पडी.”

हात बरा झाला तर सासरी परत जावं लागेल, म्हणून तिनं तो कोरडा ठेवला होता. मग तिनं सांगायला सुरुवात केली, आणि निम्मं कुंडात, निम्मं परतीच्या वाटेवर सांगितलं. रडली नाही, आवाज चढवला नाही. आठ वर्षांत त्या घरात तिनं गरम भाकरी खाल्ली नव्हती. पंधरा माणसांचं झाल्यावर जे उरेल ते, आणि उरलं नाही तर कुणाला सांगायची सोय नाही. सासू हात उगारायची, नवरा उगारायचाच असं नाही, पण उगारला की थांबायचा नाही. डाग दिसला तसं त्यांनी तिला चुलीपासून लांब केलं, पाण्याला हात लावू देईनात, मागच्या पडवीत एकटीला झोपायला सांगितलं. त्या पडवीत तिला आठ वर्षांत पहिल्यांदा रात्रभर झोप लागली. इथे घरी पाहुण्यांपुढे ती हात लपवायची ते लाजेनं नाही. कुणीतरी आणखी एखादं औषध सांगेल, याची तिला भीती वाटायची.

मला माझीच लाज वाटली. लॉरीवाल्यानं तिला विचारलं नव्हतं म्हणून मी भांडले, आणि विचारलं तर मीही नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला बुडवायला आणलं होतं. फरक इतकाच, की मी शिट्टी वाजवली नाही आणि वेळ बांधून दिला नाही, म्हणून तिला हात वर धरता आला. तिथे पाच बुड्या मोजायला माणूस असता, तर तिनं निमूट मारल्या असत्या. सांगितलेलं ऐकायची तिला तेवढी सवय झाली होती.

परत येताना कासरा तिच्याच हातात होता. आत्या जागी होती आणि तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, की मी या घरात कपाळ पुसून आले तेव्हा मला परत धाडायला कुणी ऊन पाणी शोधलं नाही, तुलाही कुणी शोधायची गरज नाही. मी मनात आबांशी भांडण मांडायला सुरुवात केली होती. ते काय म्हणतील, मी काय म्हणेन, आई रडेल तेव्हा काय करायचं, निरोप्या येईल तेव्हा दारात कुणी उभं राहायचं. गरज पडली तर अक्काला भुसावळला घेऊन जायचं. आमची एक खोली होती. तीत आम्ही दोघं कशीबशी मावत होतो, पण मी ठरवून टाकलं. नवऱ्याला विचारायचं राहिलं, ते नंतर विचारणार होते.

दिवेलागण होऊन गेली होती. आबा वेशीपर्यंत येऊन उभे होते. त्यांनी आम्हाला मोजलं, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि आमच्यापुढे घराकडे चालू लागले. ओसरीवर टेकताच त्यांनी अक्काला विचारलं, पाच बुड्या झाल्या का. आई आतून देवाचा अंगारा घेऊन येत होती.

मी तोंड उघडलं, पण अक्कानंच उत्तर दिलं. कंदिलाच्या उजेडात तिनं डावा हात पुढे केला. “हात पानीमा घालाच नही, आबा,” ती म्हणाली. “माले तठे जानं नही.”

आई अंगारा घेऊन दारातच थांबली. आबा अक्काच्या हाताकडे बघत राहिले, मग तिच्या तोंडाकडे. मी सज्ज होते. पाच कोसांत जुळवलेली सगळी वाक्यं माझ्या जिभेवर होती. हे सासर एका मध्यस्थानं सुचवलं होतं, मोठा माहितगार माणूस, आणि त्याच्या शब्दावर आबांनी दारही न बघता मुलगी दिली होती. तेसुद्धा मी त्यांना ऐकवणार होते. आबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी अक्काला विचारलं, किती दिवसांपासून सोसते आहेस. अक्का म्हणाली, पहिल्या वर्षापासून. ते उठले, अंगणात गेले, आणि सुटलेल्या दमणीच्या जुवावर हात ठेवून अंधारात पाठमोरे उभे राहिले. आत्यानं मला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस.

बऱ्याच वेळानं ते पायरीपाशी आले.

“सालदार चार दिन येत नही,” ते अक्काला म्हणाले. “सकाळे मळामा गाडी तू लई जाशी का?”

“जासू,” अक्का म्हणाली.

भांडायची माझी सगळी तयारी वाया गेली, आणि मी ओसरीवर सगळ्यांच्या देखत लहान पोरीसारखी रडले.